दाजी, त्या दिवशी गाडी मी थांबवली होती

दाजी, आपल्या समाजाच्या मासिकात तुमच्यावर लेख द्यायचा आहे आणि तो मीच लिहावा, असं मंडळाच्या मुलांनी घरी येऊन सांगितलं. तुमचा जन्म कुठला, सुरतेत कधी आलात, मंडळाचं काम किती वर्षं केलंत, हे सगळं प्रवीण लिहून देणार आहे. तुमचा मुलगा आहे, त्याला ते नीट ठाऊक आहे. मला जे ठाऊक आहे ते तुम्ही आणि मी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी माय गेली त्या दिवशी आपण गावी उशिरा पोहोचलो, आणि तो उशीर तुमच्यामुळं झाला असं मी भरल्या अंगणात सांगितलं. ते खोटं होतं. तुम्ही ते खोटं जन्मभर अंगावर वागवलंत. परवा तुमच्या दहाव्याला नदीवर मी ते परत घेतलं. इथं लिहितोय ते एवढ्यासाठी, की नदीवर जे नव्हते त्यांनाही कळावं.

तुमची जीप लोकांना अजून आठवते. सुरतेत गोडादऱ्याच्या नाक्यावर पहाटे भरायची ती थेट साक्रीपर्यंत. मिलमध्ये राबणारी आपली माणसं, त्यांच्या बायका, पोरं, पत्र्याच्या पेट्या, साड्यांचे गठ्ठे. उतारूंना तुमच्या गाडीचा भरवसा होता, पण तक्रारही एकच असायची. तुम्हाला थांबायची खोड होती. बारडोलीच्या पुढं उसातून रस्ता जायचा, तिथं कालव्याच्या पुलावर तुमचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. "उतरा रे जरा. मिलच्या वाफेत उकडलेली डोकी वाऱ्याला द्या." सगळे कुरकुरत उतरायचे. दोन्ही बाजूंना उसाचं पान सळसळत असायचं आणि साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास यायचा. मग व्यारा, सोनगड. सोनगड ओलांडलं की शेतं संपून सागाचं रान लागायचं, आणि उच्छलच्या अलीकडं रस्ता जिथं चढतो तिथून उकाई धरणाचं पाणी दिसायचं. तिथं पुन्हा ब्रेक. "ही आपलीच तापी. सुरतेत पुलावरून घाईघाईनं बघता. इथं बसून बघा."

शेवटचा थांबा कोंडाईबारीच्या घाटात. माथ्यावर गाडी उभी करून तुम्ही लोकांना मागं वळून बघायला लावायचात. खाली नवापूरकडचं हिरवं रान, आणि पुढं तोंड केलं की दहिवेलचा उघडा माळ, बाभळी, काळीभोर शेतं, लांबवर गेलेला धुळीचा रस्ता. एकदा एक पोरगा वैतागून म्हणाला होता, "दाजी, मुलगी बघायला चाललोय. तुम्ही असेच थांबलात तर तिचं दुसरीकडं जमेल." तुम्ही म्हणालात, "जमू दे. तिच्यापेक्षा हा घाट देखणा आहे, आणि हा नाही म्हणणार नाही." सगळी जीप हसली. तो पोरगाही हसला. पुढं त्याचं त्याच मुलीशी लग्न झालं.

आपला एक वाद कायम राहिला. खानदेश कुठं सुरू होतो? मी म्हणायचो, नवापूरला, सरकारी पाटी आहे तिथं. तुम्ही म्हणायचात, पाटी वाचणाऱ्यांसाठी तिथं, आपल्यासाठी घाटाच्या माथ्यावर. तिथं पोहोचलं की ओठ कोरडे पडतात, वाऱ्याला मातीचा वास येतो, आणि गाडीतली माणसं आपसूक अहिराणीत बोलायला लागतात. मी मानलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते जाणवायचं. तुमचं काही मान्य करायची मला सवयच नव्हती.

आता मायचं सांगतो. तुम्हाला हे मी उकाईच्या पाण्यासमोर सांगितलं होतं, पण बाकीच्यांना माहीत नाही. माय एकदा माझ्याकडं गोडादऱ्याला राहायला आली. खोली एक, माणसं पाच. तिचं आणि माझ्या बायकोचं रोज काहीतरी बिनसायचं. भाकरी जाड झाली, पाणी उशिरा भरलं, एवढीशी कारणं. एका संध्याकाळी मी पांडेसऱ्याच्या मिलमधली पाळी करून आलो तर दोघी दोन कोपऱ्यांत तोंड फिरवून बसलेल्या. अंगाला रंगाचा वास, डोकं तापलेलं. मी मायचं गाठोडं माझ्या हातानं बांधलं. "तुझं घर आहे गावाला, तिथं राहा. इथं जागा नाही," असं म्हणालो. बस स्टँडवर नेऊन बसवलं. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तिनं तो हातानं मागं सारला आणि म्हणाली, "तुन्हा हातनं पानी आते पिवाव नही मी." सगळ्या बसनं ऐकलं. त्यानंतर मी गावाला गेलो नाही. सणाला नाही, लग्नकार्याला नाही.

फाल्गुनात मिलच्या ऑफिसात गावाहून फोन आला. मायचं काही खरं नाही, दाजींना सांगा, नानाला, म्हणजे मला, घेऊन लगेच निघा. तुम्ही नाक्यावर भरलेली जीप रिकामी केलीत. लोक ओरडत होते, तुम्ही हात जोडत होतात. मला पुढच्या सीटवर बसवलंत आणि म्हणालात, "आज कुठं थांबायचं नाही, नाना. सरळ मायजवळ."

हे वाक्य मला रोज ऐकू येतं, दाजी.

थांबवलं ते मी. बारडोलीला म्हणालो, चहा घेऊ. तुम्ही उभ्याउभ्या घेऊ म्हणालात, मी बाकड्यावर बसलो आणि दुसरा मागवला. उसाच्या गाड्या एकामागून एक जात होत्या आणि मी त्या बघत बसलो, जसं काही मला त्यांची नोंद ठेवायची होती. सोनगडच्या पुढं म्हणालो, उतरू जरा. तुम्ही हॉर्न वाजवत राहिलात. मी पाण्याकडं तोंड करून दगडावर बसलो होतो. शेवटी तुम्ही खाली आलात आणि शेजारी बसलात. तेव्हा सांगितलं. थोरल्या मुलानं शेवटचं पाणी तोंडात घालायचं, आणि सगळी भावकी भोवती उभी असणार. तिनं तोंड फिरवलं तर? बसमध्ये फिरवलं तसं? तुम्हाला एवढंच सांगितलं. त्याच्या खाली जे होतं ते सांगितलं नाही, ते आज लिहितो. मी जाईपर्यंत तिनं डोळे मिटलेले असावेत, अशी माझी इच्छा होती. म्हणजे पाण्याचा प्रश्नच येणार नाही. आपल्या जन्मदात्या आईच्या मरणाची वाट बघत मी त्या देखण्या पाण्यासमोर बसलो होतो.

तुम्ही म्हणालात, "वेडा आहेस. आई आहे ती. चल." मी उठलो नाही. तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिलात. घाटात तर मी धावत्या गाडीचं दार उघडलं. मळमळतंय म्हणालो. तुम्ही करकचून ब्रेक दाबलात. रस्त्याकडेला बायका मोहाची फुलं वेचत होत्या. त्यातल्या एकीनं मला पाणी दिलं. मळमळ वगैरे काही नव्हती. तुम्हाला ते कळत होतं. तुम्ही माझा दंड धरून मला गाडीत बसवलंत आणि मग माथ्यावर मागं वळूनसुद्धा बघितलं नाहीत.

आपण पोहोचलो तेव्हा मायच्या उशाशी दिवा लावलेला होता.

ताई, तुमची बायको, माझी थोरली बहीण, मायजवळ आधीच आली होती, ती माझ्या गळ्यात पडली. "नाना, तुले इतला उशीर का व्हयना?" रडता रडता तिनं सांगितलं. धाकट्या भावानं चमच्यानं पाणी लावलं तर मायनं दात घट्ट मिटले. काकांनी लावलं, तरी तेच. "मन्हा नानाले येवू द्या," एवढंच म्हणत होती. कोरड्या ओठांनी, दाराकडं बघत. तशीच गेली. ज्या पाण्याला मी भ्यालो होतो त्याच पाण्यासाठी ती थांबली होती.

तेवढ्यात काकांनी विचारलं, "सकाळीच निघालात ना सुरतेहून? मग रस्त्यात काय करत होतात?"

मी मान वर केली नाही. म्हणालो, "दाजींची गाडी. तुम्हाला माहीतच आहे. जागोजाग थांबत आले."

तुम्ही दारात चपला काढत होतात. अर्धी चप्पल पायात, तसेच उभे राहिलात. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही ताईकडं बघितलंत, मग माझ्याकडं, आणि म्हणालात, "हां. चुकलं माझं."

परत येताना तुम्ही मला म्हणालात, "जावयाला लोक चार दिवस बोलतील, नाना. पोराला जन्मभर बोलले असते." तुमचा हिशेब चुकला, दाजी. जावयालाही जन्मभर बोलले. लग्नाची वऱ्हाडं ठरताना कुणीतरी हमखास म्हणायचं, "दाजींच्या जीपमध्ये बसू नका, लग्नाला निघालेला बारशाला पोहोचेल." त्या हसण्यात मीही असायचो. कुणी जरा गंभीर झालं की हलक्या आवाजात मायची गोष्ट निघायची. ती निघाली की मी तिथून उठून जायचो, आणि लोकांना वाटायचं, बिचाऱ्याला अजून सहन होत नाही.

लोकांचं एक वेळ सोडा. ताईचं काय केलं मी? तुमच्या संसाराला मी नख लावलं असं म्हणणार नाही, संसार तुम्ही नीट केलात. पण त्या दिवसानंतर ती तुमच्या जीपमध्ये बसली की म्हणायची, "चला सरळ." आणि तुम्ही सरळ चालवायचात. कालव्याचा पूल यायचा, जायचा. उकाईचं पाणी यायचं, जायचं. मी एकदा तुमच्याबरोबर होतो, प्रवीण लहान होता, विसरवाडीच्या पुढं त्याला उलटी झाली म्हणून तुम्ही गाडी कडेला घेतलीत. ताई म्हणाली, "तुम्हाला तर निमित्तच पाहिजे." पोराचं तोंड धुतलंत आणि गाडी चालू केलीत. मी मागच्या सीटवर होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर साग होता, त्याची पानं गळत होती. एवढंच मला त्या प्रवासातलं आठवतं.

जगातला सगळा रस्ता ज्यानं दुसऱ्यांना दाखवला त्याला आपल्या बायकोला एक पूल दाखवता आला नाही. हे माझं काम.

तुम्ही मला एकदाच सांगितलंत. प्रवीणच्या लग्नात, मांडवाच्या मागं, आचाऱ्यांच्या चुलीजवळ. "नाना, बाकीच्यांचं जाऊ दे. तुझ्या बहिणीला एकदा सांगून टाक." मी म्हणालो, "आता? लग्नघरात?" तुम्ही म्हणालात, "मग कधी?" मला राग आला. कशाचा ते मला विचारू नका. मी म्हणालो, "एवढंच आहे तर तुम्हीच का नाही सांगत?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी सांगितलं तर ती सारवासारव वाटेल. ते तुझ्याच तोंडून यायला पाहिजे." मग आचाऱ्यानं भाजीत मीठ बघायला बोलावलं, तुम्ही गेलात. पुन्हा विषय काढला नाहीत.

तुमच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात मी रोज येत होतो. ताई चहाला खाली गेली की आपण दोघंच असायचो. सांगायचं होतं, दाजी, निदान तुम्हाला तरी म्हणायचं होतं की मला लाज वाटते. तुम्ही नळीतून श्वास घेत विचारलंत, "घाट रुंद करतायत म्हणे. थांबायला जागा ठेवली का?" आणि मी तुम्हाला रस्त्याच्या कामाबद्दल सांगत बसलो. कुठं डोंगर कापला, कुठं पूल बांधला. तुम्ही ऐकत होतात, डोळे माझ्यावर होते. तुम्ही कशाची वाट बघत होतात ते मला समजत होतं.

दहाव्याला प्रवीणच्या गाडीनं तुमच्या गावी गेलो. ताई मागं, मी पुढं. ठरवलं होतं, नदीवर जायच्या आधी तिला सांगायचं. बारडोलीला सांगू म्हटलं, तर पंप आणि हॉटेलांच्या गर्दीत कालव्याचा पूल कधी गेला कळलंच नाही. मग ठरवलं, पाणी दिसलं की सांगू. पाणी दिसलं. प्रवीण त्याच्या सुरती गुजरातीत म्हणाला, "मामा, हवे क्यांय ऊभा नथी रहेवुं ने? सीधा जईए." म्हणजे आता कुठं थांबायचं नाही ना, सरळ जाऊ. मी म्हणालो, "हां, सीधा." घाट आला आणि गेला, दहिवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरत होत्या, आणि मी जागच्या जागी घाम पुसत होतो. त्या दिवशी थांबून थांबून वेळ काढला होता. या वेळी न थांबता काढला.

नदीवर पिंड ठेवले. तुमच्या गावचे, आमच्या गावचे, दोन्हीकडचे भाऊबंद जमले होते. बायका जरा लांब, निंबाखाली बसल्या होत्या. समोरच्या झाडावर कावळे होते, पण खाली एकही उतरेना. मग नेहमीप्रमाणं एकेक जण पुढं येऊन तुम्हाला वचनं देऊ लागला. तुमच्या भावानं सांगितलं, विहिरीवरून आपल्यात भांडण होणार नाही. प्रवीण हात जोडून म्हणाला, "पप्पा, मम्मीनी चिंता ना करता. हुं छुं ने." मी आहे ना, असं. कावळा हलला नाही. ऊन चढलं. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या! दाजी इथंही थांबलेच की!" लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते, प्रेमाचंच होतं. निंबाखाली ताईनं मात्र मान खाली घातली.

ते मी बघितलं आणि मला बसवेना. पुढं गेलो. जोरात बोललो, बायकांपर्यंत जाईल असं. "दाजी, माय गेली त्या दिवशी तुम्ही नाक्यावर भरलेली गाडी रिकामी केलीत, कुठंच थांबला नाहीत. मी थांबवलं. मायसमोर यायला मी भ्यालो होतो. तुमच्यावर ढकललं. तुम्ही सोसलंत." एवढं बोललो आणि पिंडासमोर जमिनीला डोकं टेकलं.

मग माझा चुलतभाऊ म्हणाला, "नाना, आता म्हातारपणी हे कशाला काढलंस?" दुसरा कुणी हळूच म्हणाला, "म्हणजे आपण त्या माणसाला उगीच..."

मला वाटलं होतं, आता कावळा येईल. मनातल्या मनात मी तो सौदाच केला होता, दाजी. मी खरं बोललो म्हणजे तुम्ही मला लगेच मोकळं कराल. कावळा आला नाही. भटजींनी बराच वेळ वाट बघितली आणि शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं असं म्हणणंही खोटं होईल. मी मागं येऊन उभा राहिलो, एवढंच.

ताई आली. विचारलं, "ते घाई करत होते?"

"हो ताई. हॉर्न वाजवून बोलावत होते मला."

"आणि मायसाठी नाक्यावर गाडी रिकामी केली होती?"

"हो."

ती नदीकडं बघत राहिली. "मी त्यांच्याबरोबर परत कुठं खाली उतरले नाही रे, नाना. ते एकदा म्हणाले होते, घाटात मोहाचा वास येतोय, बघ. मी पदर नाकाला लावला."

"ताई, मला माफ..."

"माझ्याकडं मागू नकोस. ज्याच्याकडं मागायची तो गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रवीणच्या गाडीत पुढं बसली, माझ्या जागेवर. माझी पिशवी ओट्यावरच होती. प्रवीण माझ्याजवळ येऊन घुटमळला. "मामा, मम्मी कहे छे के..." मी म्हणालो, "जा बाबा. मी एसटीनं येतो." ताईनं काच वर केली नव्हती. तिला माझं बोलणं ऐकू गेलं असणार. तिनं वळून बघितलं नाही.

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. घाटाच्या माथ्यावर मी ड्रायव्हरच्या मागच्या जाळीपर्यंत गेलो, गाडी जरा उभी करता का म्हणून विचारायला. तोंडापर्यंत आलं आणि परत जागेवर येऊन बसलो. त्या जागेवर थांबा म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही. खाली रान दिसलं, वळणामागं गेलं. तुमचं बरोबर होतं, दाजी. खानदेश तिथंच सुरू होतो. जाताना तिथंच संपतो.

घरी आल्यावर प्रवीणला फोन केला. त्यांना निघून बराच वेळ झाला होता, तरी ते नुकतेच पोहोचले होते.

"इतका उशीर?"

"मम्मीनं गाडी थांबवायला लावली, मामा. बऱ्याच ठिकाणी. उतरून बसायची."

"कुठं कुठं?"

मागून भांड्यांचा आवाज येत होता.

"मामा, मम्मीनं सांगितलंय, ते मामाला सांगायचं नाही."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.